कवळीवाले भावजी आणि तीन तासांची बस

"मागून येतो म्हणजे कधी येता? तारीख सांगा."

हे माझी धाकटी जाऊ खाली भावजींना विचारत होती आणि मी वर गॅलरीत चादर पिळत होते. भर दुपारची वेळ. भावजींच्या कामाच्या खोलीची खिडकी बरोबर माझ्या गॅलरीखाली. दुसऱ्याचं भांडण ऐकू नये एवढं मलाही कळतं. म्हणून मी आत जायला निघाले, आणि जायचं राहून गेलं.

जाऊबाईला दुसऱ्या गावातल्या लायब्ररीचा सगळा कारभार मिळाला होता. बसनं तीन तासांचं अंतर. लायब्ररीच्या वरच राहायला दोन खोल्या. सात वर्षांच्या पोरीचं तिकडच्या शाळेत नाव घालून झालं होतं. भावजींचं म्हणणं एकच, तुम्ही दोघी पुढे व्हा, हातातली कामं संपली की मी येतो. त्यावर ती म्हणाली, म्हाताऱ्यांचे दात पडायचे थांबणार आहेत का, म्हणून तुमची कामं संपतील? एरवी असं काही बोलली की आधी तीच हसायची. त्या दिवशी हसली नाही.

मग खण ओढल्याचा आवाज आला आणि टेबलावर काहीतरी आपटलं.

"या गोळ्या घेऊन बसमध्ये बसता येत असेल तर घ्या आणि बसा. नसेल येत तर त्या इथे टाका आणि तसेच या. मला दोन्ही चालेल. पण तुम्ही ना धड त्यांच्यासकट येता, ना त्यांच्याशिवाय."

भावजींनी कवळी घासायची मोटर सुरू केली. तिची घरघर सुरू झाली की त्या खोलीत कुणाचं कुणाला ऐकू येत नसे. मी बराच वेळ उभी राहिले. मोटर काही थांबली नाही. आठवड्याभरानं जाऊबाई पोरीला घेऊन गेली.

भावजींना देवाघरी जाऊन आता तीन वर्षं होतील. पुतणी परवा म्हणाली, काकू, बाबांबद्दल काय आठवतं ते लिहून ठेव, मला माझ्याच बाजूचं ठाऊक आहे. माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग विस्कटल्यासारखं, पण ती म्हणते वाचून घेईन. तर घे वाचून.

भावजींचा धंदा कवळ्या करायचा. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे. त्यावरून भावजी प्लॅस्टरचा जबडा ओतायचे, त्यावर मेणाची हिरडी चढवून एकेक दात बसवायचे, मग मेण काढून त्या जागी प्लॅस्टिकचा गुलाबी मसाला भरायचा, शिजवायचा आणि घासून घासून आरशासारखा करायचा. फळीवर जबड्यांची रांग असे. आमच्या घरात माणसं सहा आणि दात सहाशे, असं आमचे हे म्हणत. नवीन माणूस दारातच थबकायचा. भावजी मात्र त्या सगळ्या जबड्यांना नावानं ओळखायचे. हा शिंपीबुवांचा, हा शाळेतल्या बाईंचा. रस्त्यात कुणी भेटलं की आधी त्याच्या तोंडाकडे बघायचे, मग ओळख द्यायचे. हात इतका हलका की लोक म्हणायचे, देवानं दिलेले दात याच्यापेक्षा जास्त टोचायचे.

असा माणूस एक दिवस गावातल्या गावात बसनं कवळी पोचवायला निघाला आणि अर्ध्या वाटेत उतरून फुटपाथवर बसला. छाती धडधडतेय, हातापायांना मुंग्या, घसा आवळलेला, आता मेलोच, असं झालं. लोकांनी दवाखान्यात नेलं. छातीवर वायरी लावून कागद काढला. सगळं ठीक. महिन्याभरात दुसऱ्यांदा झालं, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, हा भीतीचा आजार आहे. आमच्या घरात कुणाला हे पटेना. भीती कुणाला वाटत नाही? आमचे हे म्हणाले, भीतीलाच आजार म्हणायचं तर मला बायकोची वाटते, मलाही द्या गोळी. सगळे हसले. भावजीही हसले. पण त्या दिवसापासून ते बसमध्ये चढेनात. मग रांगेत उभं राहीनात. मग गर्दीचं दुकान बंद झालं, मोठा रस्ता बंद झाला. होता होता त्यांचं जग कोपऱ्यावरच्या औषधवाल्यापाशी येऊन संपलं.

गोळी त्याच डॉक्टरांनी दिली होती. सांगितलं होतं, ही थोड्याच दिवसांसाठी, दोन आठवड्यांनी परत दाखवायला या, मग पुढचं कायमचं औषध ठरवू. आता गंमत बघ. डॉक्टरांकडे जायचं तर बसनं जावं लागे. म्हणून भावजी गेलेच नाहीत. गोळी मात्र चालू राहिली, कारण औषधवाल्याच्या आईची कवळी भावजींनी केली होती आणि ती माउली दहा वर्षांनी पहिल्यांदा शेंगदाणे खाऊ लागली होती. त्यानं कधी चिठ्ठी मागितली नाही. पुढे त्याचंही मन कचरायला लागलं, तेव्हा गिऱ्हाईकंच उपयोगी पडली. म्हाताऱ्या माणसांच्या उशाखाली झोपेच्या गोळ्या असतातच. कवळी दुरुस्तीला टाकताना त्याच डबीत चार गोळ्या कागदात गुंडाळून यायच्या. कवळीवाल्यांना झोप लागत नाही बिचाऱ्यांना, असं म्हणून. कुणाच्या मनात पाप नव्हतं. बाजारात विकत घेतलेल्या गर्दच्या नशेसारखं ते काही नव्हे, औषधच आहे, डॉक्टरांनीच दिलेलं आहे, असं आम्ही सगळे समजत होतो. अर्धीची एक झाली, एकीच्या दोन, पुढे मी मोजायचं सोडलं.

खोटं कशाला बोलू, मीही एकदा घेऊन पाहिली. आमच्या ह्यांच्याशी वाजलं होतं, डोकं भणभणत होतं. भावजींच्या खणातली अर्धी गोळी पाण्याबरोबर घेतली आणि दूध तापत ठेवलं. दूध वर आलं, उतू गेलं, शेगडीवरून ओट्यावर आणि ओट्यावरून खाली गेलं. मी तिथंच स्टुलावर बसून बघत होते. मला काही म्हणता काही वाटलं नाही. इतकं सुख मला लग्नानंतर कधी झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी भांडं घासताना मात्र लख्ख कळलं. म्हटलं, या माणसाची बायको आणि पोर याच्यासमोरून अशीच गेली असणार, आणि हा स्टुलावर बसून बघत असणार.

जाऊबाई गेल्यावर दोन महिन्यांनी पोरीचं पत्र आलं. बाबा, रविवारी अकराच्या बसनं या, मी स्टॉपवर उभी राहते. भावजींनी ते पत्र मेणाच्या डब्याखाली ठेवलं आणि आठवडाभर रोज काढून वाचलं. रविवारी नवा शर्ट घातला. मी बसपर्यंत सोडायला गेले. चढण्याआधी नळावर त्यांनी काहीतरी तोंडात टाकलं. किती ते मला दिसलं नाही. पुढे कळलं, रोजच्या दुपटीनं.

बसमध्ये भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. ते गाढ झोपले. पोरगी स्टॉपवर उभी होती. गाडी थांबली, माणसं उतरली, खिडकीशी बाबा दिसले, काचेला गाल टेकून, तोंड उघडं. तिनं हाका मारल्या, काचेवर थापा मारल्या. गाडी सुटली. कंडक्टरनं त्यांना शेवटच्या आगारात उठवलं, चाळीस मैल पुढे. ते तिथून तसेच उलट्या गाडीनं घरी आले. मधल्या स्टॉपवर उतरायची त्यांना लाज वाटली.

जाऊबाईचं दोन ओळींचं पत्र आलं. असं यायचं असेल तर येऊ नका. पोरगी तीन दिवस जेवली नाही.

आता माझी चूक सांगते. ही तुलाही ठाऊक नाही. भावजी दुपारी झोपले होते, तेव्हा मी त्यांच्या खोलीतली एकेक कवळीची डबी उघडून बघितली. अकरा डब्यांत गोळ्या निघाल्या. सगळ्या मोरीत ओतून वर बादलीभर पाणी सोडलं. औषधवाल्याला जाऊन दम दिला, परत दिल्यास तर तुझ्या आईच्या तोंडातली कवळी काढून घेईन. मला वाटलं, मोठं काम केलं. विष गेलं, आता माणूस सुटेल.

पहिल्या दिवशी भावजी येरझारा घालत होते. दुसऱ्या दिवशी अंगाला पाणी सुटलं, भांडं वाजलं तरी दचकत, भिंतीवर काहीतरी चालतंय म्हणत. मी म्हटलं, सवय आहे, दोन दिवस त्रास होणारच. चहा करून देत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला खाली धाडकन आवाज झाला. गेले तर भावजी जमिनीवर, डोळे पांढरे, हातपाय झाडताहेत, दाताखाली जीभ आलेली, मेण वितळवायचा दिवा कलंडलेला आणि सगळीकडे दात सांडलेले. त्या दातांवरून धावत जाऊन मी त्यांचं डोकं धरलं. पायाला टोचत होते ते अजून आठवतं.

दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. गोळ्या कुठे गेल्या म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले, मग मला बाकावर बसवलं.

"आजवर त्यांच्या जिवाला धोका होता तो थोडा होता. तुम्ही तीन दिवसांत केलात तो मोठा होता. या गोळ्या एकाएकी बंद करत नाहीत, बाई. माणूस मरू शकतो."

मी रडले नाही. रडायला तोंड नव्हतं. त्यांनीच मग माझा हात धरून समजावलं. शरीर या गोळ्यांना सोकावलेलं असतं, एकदम काढून घेतल्या की बिथरतं. थोड्या थोड्या करून कमी करायच्या, महिनोन् महिने लागतील. शिवाय रोज घ्यायची दुसरी एक गोळी देते, ती लगेच काही गुण दाखवणार नाही, तीन-चार आठवडे वाट बघा, पहिले काही दिवस उलट जास्त घाबरल्यासारखं होईल, पण तिची अशी चटक लागत नाही. तीही मनानं बंद करायची नाही, मला विचारून. आणि ज्याची भीती वाटते ते थोडं थोडं करून बघायचं, रोज. बसमध्ये बसायचं. एक स्टॉप.

तेव्हापासून गोळ्या माझ्या कपाटात, किल्ली माझ्या पदराला. भावजी सकाळ-संध्याकाळ पाण्याचा पेला घेऊन वर यायचे आणि म्हणायचे, वहिनी, आजचा तुकडा. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेल्या कागदाप्रमाणे दर काही आठवड्यांनी तुकडा लहान व्हायचा. तो कापायचे भावजीच, मेण कोरायच्या सुरीनं, माझ्यासमोर. चुरा बोटाला लागला तर तो पुसून टाकायचे, चाटायचे नाहीत. एकदा मला म्हणाले, आयुष्यात इतका बारीक दात मी बसवला नाही. मध्ये एकदा लहान तुकडा सोसेना. चार रात्री झोप नाही, सगळ्यांवर खेकसले, मलाही नाही नाही ते बोलले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबा तिथेच, घाई नाही. महिनाभर त्याच मापावर थांबलो. पुन्हा उतरायला लागलो.

आणि बस. माझ्या घरातलं काम संपलं की आम्ही दोघं स्टॉपवर जायचो. पहिल्या दिवशी चढलो आणि लगेच पुढच्या स्टॉपला उतरलो. चालत परत आलो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी कंडक्टर म्हणाला, "बाई, चालत गेलात तर माझ्याआधी पोचाल." भावजींच्या कपाळावर घाम, ओठ पांढरे, आणि तरी त्यांना हसू आलं. मी म्हटलं, मुकाट्यानं तिकीट फाडा, आमचं काम चाललंय. आमच्या ह्यांनी मात्र धुमसून घेतलं. लोक काय म्हणतील, दीर-भावजय रोज बसमध्ये बसून एका स्टॉपवर उतरतात. मी म्हटलं, म्हणू द्या. तुम्ही येता का त्यांच्याबरोबर? ते आले नाहीत, पण त्यानंतर भित्रा हा शब्द घरात कुणी काढला नाही.

बसमध्ये छाती धडधडायला लागली की भावजी दात मोजायचे. वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून सुरुवात, दाढा, सुळा, पटाशीचे चार, पलीकडचा सुळा, पुन्हा दाढा, मग खाली. ओठ हलताना दिसायचे. बत्तीस होईपर्यंत लाट येऊन जायची. नाही गेली तर पुन्हा पहिल्यापासून. एक स्टॉप, दोन, पूल ओलांडून चार. पुलावर आम्ही आठ वेळा हरलो. नवव्या वेळी मला खिडकीबाहेर बघायचंच सुचलं नाही, मी त्यांच्याबरोबर मोजत होते.

शेवटचा तुकडा त्यांनी घेतला तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी ते अकराच्या बसनं निघाले. मी बरोबर येऊ का म्हटलं. नको म्हणाले. मी परत येऊन सगळ्या घराची जाळी काढली, फडताळ धुतलं, धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

पोरगी स्टॉपवर आली होती, आईनं पाठवलं म्हणून. नऊ वर्षांची, हाताची घडी घालून. भावजी उतरले. तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं.

"आज जागे आहात?" तिनं विचारलं.

"जागा आहे," भावजी म्हणाले. "घाबरलेला आहे, पण जागा आहे."

मग ती पुढे आणि ते मागे, असे लायब्ररीपर्यंत चालत गेले.

तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी. किती वर्षं झाली ते मोजून बघ पोरी, तुझी शाळा, कॉलेज, नोकरी, सगळं त्यात आलं. मला वाटत होतं, आता जाऊबाई परत येईल, नाहीतर भावजी तरी तिकडे राहतील. डॉक्टरीणबाईंनाही वाटलं असणार. पण तसं झालं नाही. तुझ्या आईला मी नावं ठेवणार नाही. तिनं वर्षानुवर्षं वाट बघितली, मग एकटीनं उभं राहायला शिकली, आणि शिकल्यावर त्यात मोडता घालायला तिचा जीव होत नसेल. ती चहा द्यायची, जेवू घालायची, चांगलं बोलायची. राहा, असं कधी म्हणाली नाही. भावजींनीही विचारलं नाही. पण दर वेळी पिशवीत ते एक जास्तीचा शर्ट ठेवायचे. इस्त्री केलेला. पाचच्या गाडीनं परत यायचे आणि शर्ट तसाच घडी घातलेला माझ्याकडे यायचा, कपाटात ठेवायला. मी कधी काही विचारलं नाही. तो शर्ट न घालताच कॉलरशी पिवळा पडला, मग मी दुसरा ठेवला.

भीती पुरती गेली का? नाही. रोजची ती साधी गोळी अखेरपर्यंत चालू होती आणि पुलावर त्यांचे ओठ हलायचे. एकदा मध्ये औषधवाल्यानं आपण होऊन विचारलं, झोप येतेय ना, की देऊ काही? भावजी म्हणाले, तुमच्या आईंना विचारा, खालची कवळी सैल झाली असेल तर पाठवा. आणि घरी येऊन माझ्यासमोर खुर्चीत बसले. घ्यावीशी वाटली, वहिनी, म्हणाले. मी म्हटलं, मलाही अजून वाटते. खरंच वाटते. दूध उतू जातं आणि काही वाटत नाही, ते अजून आठवतं.

जाऊबाईचे दात साठीत गेले. तिकडच्या डॉक्टरांनी माप घेतलं आणि ती म्हणाली, कवळी आमच्याकडे होते. भावजींनी त्या एका कवळीला दोन महिने घेतले. तिचा वरचा डावा सुळा जन्मापासून थोडा पुढे होता. भावजींनी कवळीतही तो तसाच पुढे बसवला. डॉक्टरांनी चूक म्हणून परत पाठवली, सरळ करा असं लिहून. भावजींनी सरळ केली नाही. चिठ्ठी पाठवली, तोंड माझ्या ओळखीचं आहे. जाऊबाईनं ती लावली आणि आरशात बघत त्या सुळ्यावरून बोट फिरवलं, असं तूच मला सांगितलंस.

वर्षभरानं ती कवळी खालच्या बाजूला टोचायला लागली. रविवार आलाच होता. भावजींनी कानस, घासायचा कागद आणि निळी पेन्सिल रुमालात गुंडाळली, शर्ट पिशवीत टाकला आणि अकराची गाडी पकडली. गेल्यावर जाऊबाईनं तोंडात बोट घालून टोचते ती जागा दाखवली. भावजींनी खूण केली, खिडकीपाशी बसून घासलं, धुतलं, बघितलं, पुन्हा घासलं. मग तिला काहीतरी मोठ्यानं वाचायला सांगितलं, स आणि श नीट येतात का ते ऐकायला. दोघं बसली होती खाली लायब्ररीतच, समोर भिंतीवर पुस्तकं परत करायच्या नियमांचा बोर्ड होता. तिनं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला आणि भावजींनी डोळे मिटून ऐकला. ठीक आहे म्हणाले. चहा झाला. पाचची गाडी.

आठ वाजता ते घरी आले, शर्ट माझ्या हातात दिला, आणि जिन्यात उभे राहून म्हणाले, "आता टोचत नाही म्हणाली."

मग पाणी मागितलं, प्यायले, आणि खाली उतरून सोमवारच्या कामासाठी प्लॅस्टर चाळायला बसले.